दिवाळे गावातलं फायबर कुणाच्या यादीत?

कंपनीच्या ॲपमध्ये पिनकोड टाकला की हिरवी खूण येते. मग गल्ली आणि घर क्रमांक टाकायचा, की ती खूण गायब. ‘आम्ही लवकरच तुमच्या परिसरात येत आहोत.’ बेलापूरच्या दिवाळे गावात आमच्या गल्लीला हे वाक्य आता पाठ झालंय. मध्यंतरी एका कंपनीचा माणूस प्रत्यक्ष येऊन गेला. खांब मोजले, पत्र्यांकडं पाहिलं, ‘फीजिबल नाही’ म्हणाला आणि निघाला. रस्ता ओलांडून सेक्टरमधल्या टॉवरमध्ये गेलं की तिथले लोक कोणत्या कंपनीचा प्लॅन स्वस्त यावर वाद घालत असतात.

हे कुठल्या दुर्गम पाड्यावर घडत नाहीये. महापालिकेचं मुख्यालय, सिडको भवन, कोकण भवन, सगळं याच बेलापुरात. समुद्राखालून देशात येणाऱ्या केबल्सपैकी बऱ्याच मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात, आणि महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात डेटा सेंटर्सची रांग लागली आहे. दिवाळे गावाला ‘स्मार्ट व्हिलेज’ करण्याची योजनाही गाजली. म्हणजे तार शहरात आहे. ती गल्लीत वळत नाही, एवढंच.

का वळत नाही, याचं एक कारण साध्या हिशेबाचं आहे. एका फायबरला स्प्लिटर लावून साधारण ३२ किंवा ६४ घरं जोडतात. टॉवरमध्ये ती सगळी घरं एकाच डक्टवर मिळतात आणि एका सोसायटीच्या सहीवर काम भागतं. गावठाणात तेवढ्याच घरांसाठी दहा वळणं घ्यावी लागतात. खांब पालिकेचा, भिंत एकाची, पत्रा दुसऱ्याचा, आणि मधल्या बोळातून तार नेताना तिसरा भांडायला उभा. कंपनीला खर्च जास्त, गिऱ्हाईक तेवढंच.

दुसरं कारण जुनं आहे. १९७० मध्ये सिडको आली, नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. गावठाणाची हद्द मात्र कुटुंबांबरोबर वाढली नाही. मुलांची लग्नं झाली, घरावर घर चढलं. सरकारी भाषेत ही ‘गरजेपोटी बांधलेली घरं’. त्यांच्या नियमितीकरणाचं आश्वासन प्रत्येक निवडणुकीत नव्यानं मिळतं. ज्या घराचा कागदच धड नाही, त्याच्या भिंतीवर खोका ठोकायला कंपनीही कचरते. अशा घरांत आमच्यासारखे भाडेकरू राहतात. त्यातल्या मुसलमान कुटुंबांना टॉवर का परवडला नाही, यापेक्षा तो का मिळाला नाही हा प्रश्न जास्त खरा आहे. घर बघायला गेल्यावर भाड्याआधी आडनाव विचारलं जातं, हे या वाचकांना वेगळं सांगायला नको. नेट कोणत्या वेगाचं मिळणार, हे अशा रीतीनं आडनावापाशीच निम्मं ठरून जातं.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘मोबाइल डेटा आहे ना, रोजचा दोन जीबी!’ हे म्हणणारे बहुतेक पुरुष असतात. मोबाइल एका माणसाचा असतो, वायफाय घराचं. आमच्याकडच्या कितीतरी घरांत चांगला फोन भाईजानकडं असतो. तो कामाला गेला की हॉटस्पॉटही त्याच्यासोबत घराबाहेर पडतो. मग बहिणीचं ऑनलाइन लेक्चर रात्री अकरानंतर, अम्मीच्या पेन्शनचा फॉर्म रविवारी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलंय असं सांगणाऱ्या महिला ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. ही दरी फक्त पैशाची नाही, फोन कुणाच्या खिशात आहे याची आहे. घरात एक राउटर लागला म्हणजे बहिणीला कुणाकडं पासवर्ड मागावा लागणार नाही असं नाही, पण निदान नेट घरातून बाहेर तरी जाणार नाही.

केरळच्या फहीमा शिरीनची गोष्ट आपल्याकडच्या मुलींना माहीत असायला हवी. तिच्या कॉलेजच्या होस्टेलमध्ये संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल जमा करण्याचा नियम झाला. तिनं तो मानला नाही, होस्टेलमधून काढलं गेलं, ती हायकोर्टात गेली. १९ सप्टेंबर २०१९ ला न्या. पी. व्ही. आशा यांनी निकाल दिला, की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. पुढं ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानंही डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. केरळनं तर सरकारी के-फॉन जाळं उभारून गरीब घरांना मोफत जोडणी द्यायला सुरुवात केली.

आपल्याकडं गोची वेगळीच आहे. भारतनेट योजना २०११ पासून ग्रामपंचायतींना फायबरनं जोडते आहे. पण नवी मुंबई महानगरपालिका १९९२ मध्ये आली आणि दिवाळे शहरात गेलं. इथं ग्रामपंचायतच नाही. कंपनीच्या लेखी आम्ही गाव, योजनेच्या लेखी आम्ही शहर. ट्रायनं ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारे देण्याचे नियम केले. गल्लीला तारे देण्याची सोय त्यात नाही.

तरीही एक फट आहे, आणि ती फारशी कुणी वापरत नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं जुन्या निधीच्या जागी ‘डिजिटल भारत निधी’ आणला. तो कंपन्यांच्याच महसुलातून जमा होतो. त्याच्या उद्देशात ग्रामीण आणि दुर्गम भागासोबत सेवा कमी पडणारे शहरी भागही लिहिलेले आहेत. ‘शहरी’ हा शब्द आपल्यासाठीच आहे, असं ठामपणे म्हणायला हरकत नाही. याच कायद्याखालचे मार्गाधिकाराचे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. कंपनीच्या खोदाईच्या अर्जावर पालिकेला ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यावा लागतो. कंपनीच्या फाइलला मुदत आहे, आमच्या वाट पाहण्याला नाही.

म्हणून एकेकट्यानं ॲपमध्ये नाव नोंदवत बसणं मला पटत नाही. कंपनीला एक गिऱ्हाईक दिसत नाही, चाळीस दिसतात. एका स्प्लिटरएवढी घरं एकत्र लिहून दिली, घरमालकांनी तार नेण्याची संमती सोबत जोडली, तर ‘फीजिबल नाही’ म्हणणाऱ्याला निदान लेखी कारण मागता येतं. हे काम एकट्या जमातीचं नाही. बोळातली भिंत कोळी शेजाऱ्याची आहे आणि त्याची मुलगीही त्याच परीक्षेचा फॉर्म भरते आहे. आजवर आपण नळासाठी एकत्र उभे राहिलो, गटारासाठी राहिलो.

तोवर पीएम-वाणी आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत किराणा दुकानदारही सार्वजनिक वायफाय देऊ शकतो, त्याला परवाना किंवा नोंदणी शुल्क लागत नाही. पूर्वी कंपन्या अशा दुकानदाराकडं महागडी लीज लाइन मागायच्या. जून २०२५ मध्ये ट्रायनं २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी घरगुती दराच्या दुपटीची मर्यादा घातली. रस्त्यालगतच्या दुकानापर्यंत तार आली असेल, तर तिथून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सभागृहात अभ्यासापुरतं वायफाय नक्की येऊ शकतं. मुलींना बसायला वेगळी वेळ नाही, वेगळी जागा हवी, हे आधीच ठरवून घ्यावं लागेल. नाहीतर तिथंही कॅरमवाले पोहोचतील.

आणि माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत तीस दिवस. महापालिकेला विचारायचं: गेल्या तीन वर्षांत दिवाळे गावठाणात फायबर टाकण्यासाठी किती अर्ज आले, कोणत्या तारखांना आले, किती मंजूर झाले, किती नाकारले आणि कोणत्या कारणानं. अर्ज मराठीत लिहायचा. सोबतच्या सामूहिक पत्रावर भाडेकरूंच्या सह्या मागच्या पानावर नकोत, मालकांच्या शेजारीच घ्यायच्या.