घर कोसळलं तर भरपाई कोण देणार? गृहविमा आणि घरमालकाची जबाबदारी, सोप्या भाषेत

9 जून 2021 च्या रात्री, मुसळधार पावसात, मालाड पश्चिमेच्या मालवणीत न्यू कलेक्टर कंपाउंडमधलं एक बहुमजली घर शेजारच्या घरावर कोसळलं. किमान 11 जणांचा जीव गेला, त्यात 8 मुलं होती. राज्य सरकारनं मृतांच्या वारसांना प्रत्येकी 5 लाख रुपये जाहीर केले. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेत न्यायालयीन चौकशीचा आदेश दिला.

पण सरकारी मदत म्हणजे कायदेशीर भरपाई नव्हे. अशा वेळी घराचा विमा असेल तर पैसे मिळतात का? आणि ज्यांच्यावर घर पडलं, त्यांना कोण देतं?

नियम कोण ठरवतं?

अमेरिकेत गृहविम्याचे नियम प्रत्येक राज्य ठरवतं. आपल्याकडे ते काम केंद्रीय नियामक 'इर्डा'कडे आहे. 1 एप्रिल 2021 पासून घरांचा आगविमा विकणाऱ्या प्रत्येक कंपनीनं 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावी, असा नियम आला. सामान्य घरमालकावर मात्र विमा काढण्याची सक्ती नाही.

मग महाराष्ट्राचे नियम कुठे येतात? इमारतीची देखभाल कोणी करायची आणि हयगय झाली तर उत्तरदायी कोण, हे सहकार कायदा, सोसायटीचे उपविधी आणि महापालिका कायदा ठरवतात.

पॉलिसीत काय मिळतं?

आग, वीज पडणं, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप अचानक फुटणं अशा कारणांनी घराचं झालेलं नुकसान भरून मिळतं.

विम्याची रक्कम फ्लॅटच्या बाजारभावावर ठरत नाही, बांधकामाच्या खर्चावर ठरते. समजा, फ्लॅटचा कार्पेट एरिया 500 चौरस फूट आहे आणि बांधकाम खर्च चौरस फुटाला 3,000 रुपये धरला, तर विमा 15 लाखांचा होतो. मालाडमध्ये त्याच फ्लॅटची किंमत कित्येक पट असेल, पण त्यातला मोठा वाटा जागेचा असतो आणि जागेचा विमा निघत नाही. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांचं संरक्षण आपोआप मिळतं.

इमारतच कोसळली तर?

खरी मेख इथे आहे. 'इमारत कोसळणं' हे पॉलिसीच्या यादीतलं स्वतंत्र कारण नाही. भूकंप, पूर, वादळ अशा यादीतल्या कारणामुळे ती कोसळली, तर दावा उभा राहतो. जमीन खचण्याच्या बाबतीतही सदोष बांधकाम, निकृष्ट माल, खोदकाम किंवा केलेले फेरबदल यांमुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. म्हणजे वर्षानुवर्षं दुरुस्ती टाळली, खांब-तुळया कमकुवत झाल्या आणि एके दिवशी स्लॅब खाली आला, तर विमा कंपनी नकार देऊ शकते.

दुसऱ्याचं नुकसान झालं तर?

मूळ पॉलिसी तुमच्या घरापुरती असते. तुमची ग्रिल खाली पडून कोणी जखमी झालं किंवा सोसायटीची संरक्षक भिंत पलीकडच्या घरावर पडली, तर त्या लोकांची भरपाई तीत येत नाही. त्यासाठी 'पब्लिक लायबिलिटी' हे संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. ते नसेल आणि हयगय सिद्ध झाली, तर पैसे मालकाच्या किंवा सोसायटीच्या खिशातून जातात. विमा असला तरी फौजदारी खटला टळत नाही. मालवणीतही घराशी संबंधित व्यक्तींवर गुन्हा दाखल झाला होता.

भिंत पडणं किती भीषण असू शकतं, हे मालाडनं आधीही पाहिलंय. 2 जुलै 2019 च्या पहाटे मालाड पूर्वेच्या पिंपरीपाड्यात महापालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळून 30 हून अधिक लोक गेले.

सोसायटीचं काय?

आदर्श उपविधींनुसार सोसायटीनं इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा काढणं अपेक्षित आहे. 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. 30 वर्षांपुढच्या इमारतींसाठी मुंबई महापालिका कायद्याचं कलम 353-बी ही तपासणी सक्तीची करतं. नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष दिसला, तर रेरा कायद्यानुसार बिल्डरनं तो 30 दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो.

तुम्ही काय तपासाल?

• गृहकर्जासोबत काढलेला विमा नेमका कशाचा आहे? अनेकदा तो घराचा नसून कर्जदाराच्या आयुष्याचा असतो.
• सोसायटीच्या पॉलिसीत संरक्षक भिंत, पाण्याची टाकी आणि लिफ्ट धरली आहे का?
• 'पब्लिक लायबिलिटी' घेतली आहे का, किती रकमेची?
• शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं आणि त्यात सुचवलेली दुरुस्ती झाली का?

पुढच्या सर्वसाधारण सभेत हे प्रश्न लेखी विचारा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण राहून गेलेल्या दुरुस्तीची भरपाई कुठलीच पॉलिसी देत नाही.