शिनिगामी, यमराज आणि सातबारा



परवा हिवरा आश्रमला घरी आमचा पुतण्या मोबाईलवर ‘डेथ नोट’ नावाची जपानी चित्रमालिका पाहत होता. वहीत ज्याचे नाव लिहावे तो मरतो. ती वही टाकणारा रयुक हा मृत्युदेव. जपानी भाषेत शिनिगामी. “काका, हा म्हणजे आपला यमच काय?” त्याने विचारले. आम्ही पडलो कारकून. वहीत नावे लिहिणारा देव म्हटल्यावर आम्हांलाही चैन पडेना, मग चार पुस्तके चाळली.

यम जपानात आहे, पण तो निराळा. बौद्ध धम्माबरोबर तो भारतातून चीनमार्गे तिकडे पोचला आणि ‘एन्मा’ झाला. खोटे बोललास तर एन्मा जीभ उपटेल, असा तिकडे पोरांना धाक घालीत. शिनिगामी त्यामानाने अलीकडचा. 18व्या शतकाच्या आरंभी चिकामात्सु मोन्झाएमोन या नाटककाराच्या बाहुलीनाट्यांत हा शब्द सापडतो. प्रेमी जोडप्यांच्या आत्महत्यांवरची ही नाटके पुष्कळशी खऱ्या घटनांवरून रचलेली. मरणाऱ्याला शिनिगामीने झपाटले, असा समज. पण आमिजिमाच्या नाटकात आहे काय? एक कागदविक्या पैशाअभावी आपल्या प्रेयसीला कुंटणखान्यातून सोडवू शकत नाही. त्याची बायको स्वतःची लुगडी गहाण टाकायला काढते. पुढे सान्युतेई एन्चो (1839-1900) या कथेकऱ्याची गोष्ट गाजली. तिच्यातही शिनिगामी भेटतो तो पैशापायी जीव द्यायला निघालेल्या माणसालाच!

म्हणजे नाव देवाचे, काम तंगीचे. हे वाचताना आम्हांला मागची एक सांत्वनाची भेट आठवली. जवळच्या गावात एका शेतकरी बांधवाने जीव दिला होता. आम्ही कागदपत्रे पाहायला गेलो. दारातली म्हातारी म्हणाली, “यमानं ओढून नेलं रे बापू त्याले.” आम्ही तिला काय बोलणार? पण सरकारच्या एक लाखाच्या मदतीसाठी सातबारा लागतो, नापिकी दाखवावी लागते, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते. त्या फॉर्मात यमाचा रकाना नाही. बिनपरवान्याच्या सावकाराचाही नाही, आणि इथेच त्या घराचे घोडे अडले. बाई हळूच म्हणाली, महिनाभर त्यांना झोप नव्हती, जेवण सुटले होते, पोरांशी बोलत नव्हते. शेजारपाजारच्या कोणी विचारले नाही. आम्हीही त्याच रस्त्याने रोज ऑफिसला जात होतो.

मज्झिम निकायात देवदूत सुत्त आहे. त्यातला यम कोणाला ओढून नेत नाही. समोर आणलेल्याला तो विचारतो: तान्हे मूल पाहिले नाहीस? म्हातारा, आजारी, शिक्षा भोगणारा, मेलेला माणूस पाहिला नाहीस? पाहूनही तुला काही सुचले नाही? आणि तो यमच मनाशी म्हणतो, मला माणसाचा जन्म मिळावा, तथागताचा धम्म ऐकायला मिळावा.

पुतण्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मग हा यम तर पेपर घेणारा मास्तरच झाला!” बरोबर आहे. घरात असे कोणी गप्प बसलेले दिसले तर शेजारी जाऊन बसा. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या नंबरवर फुकट मिळते, मराठीतही बोलता येते.

त्या बाईंची फाईल अजून एका कागदावाचून पडली आहे. सोमवारी तिला घेऊन मेहकरला तहसिलात जायचे आहे. कोणी सोबत येणार असेल तर सकाळी बसस्टँडवर भेटावे.