पडण्याची विद्या

मराठी घरांतील मुलांच्या कानांवर सर्वांत अधिक वेळां येणारा शब्द कोणता, असें कोणीं विचारिल्यास 'पडशील!' हाच तो शब्द, असें आम्ही निःशंकपणें सांगूं. मूल झाडावर चढलें, पडशील. जिन्यावरून धांवलें, पडशील. पहिल्या पावसांत काळ्या मातीच्या चिखलांत उतरलें, तर पडशील हें आहेच. अशा वातावरणांत आमच्या घोडेगांवांतील एका घरच्या थोरल्या नातीनें येत्या हिंवाळ्यांत गुलमर्गास जाऊन 'स्की' शिकण्याचा मनोदय प्रगट केला. ज्या गांवास आकाशांतून पडणाऱ्या गारांखेरीज दुसरें बर्फ ठाऊक नाहीं, तेथें काय गहजब झाला असेल, हें वाचकांस सांगावयास नकोच. "पैसे देऊन घसरावयाचें?" असें आजीबाई म्हणाल्या; काकांनीं जिवाची भीति घातली; आईनें लग्नाचा प्रश्न काढिला; आणि निवाडा आमच्याकडे आला.

'स्की' हा शब्द नॉर्वेकडील. त्याचा मूळ अर्थ चिरलेलें लाकूड. आपल्या 'छिद्' धातूशीं त्याचें दूरचें नातें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. दोन्ही पायांस एकेक लांब, अरुंद पट्टी जखडून बर्फाचा उतार उतरावयाचा, एवढाच हा खेळ. पट्ट्या समांतर ठेविल्या कीं वेग वाढतो. पुढचीं टोकें जवळ व मागचीं दूर केलीं, म्हणजे आंतल्या कडा बर्फांत रुततात व गति आवरते. शिकाऊ मनुष्याच्या डोक्यास हें तत्काळ समजतें, पायांस समजत नाहीं. त्यांचा आपसांत मतभेद होऊन एक पूर्वेस व दुसरा पश्चिमेस निघतो. १९६५ सालीं अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत शर्मन पॉपेन नामक गृहस्थानें आपल्या मुलीसाठीं दोन स्की एकत्र जोडल्या. आजच्या 'स्नोबोर्ड'ची ती पूर्वज. हिच्यावर दोन्ही पाय एकाच फळीस आडवे बांधलेले असतात. येथें मतभेदास जागा नाहीं. एकत्र कुटुंबाप्रमाणें, पडावयाचें तर सर्वांनीं एकदम!

म्हणूनच या विद्येचा आरंभीचा धडा पडण्याचा असतो. कुशीवर पडावें, पट्ट्या उतारास आडव्या कराव्या, आणि उठावें. दुसरा धडा याहून अवघड. भीति वाटली कीं मनुष्य मागें रेलतो, आणि मागें रेलला कीं पट्ट्यांवरील ताबा सुटतो. तोल राखावयाचा तर ज्या उताराचें भय वाटतें, त्याच्याकडेच किंचित् झुकावें लागतें. हें एकदां साधून वीस पावलें न पडतां उतरलेला प्रौढ गृहस्थहि पोरासारखा टाळ्या पिटतो.

जानेवारी २०१८ मध्यें मनालीकडील आंचल ठाकूर हिनें तुर्कस्तानांतील स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. या खेळांतील भारताचें तें पहिलें आंतरराष्ट्रीय पदक. काश्मीरचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्यें एका शर्यतींत पंचेचाळिसावा आला. पडत्या बर्फांतील त्या शर्यतींत जवळजवळ निम्मे स्पर्धक शेवटपर्यंत पोंचलेच नाहींत. दुसरी शर्यत मात्र त्यालाहि पुरी करतां आली नाहीं.

काकांची भीति अगदींच निराधार नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्यें गुलमर्गावरील आफरवटच्या उतारावर हिमलोट कोसळून दोन परदेशी स्कीपटू दगावले. पण तो धोका उंच, मोकळ्या उतारांवरचा. खालच्या शिकाऊ मैदानावरचा नव्हे. म्हणून आमचा निवाडा असा: मुलीस जाऊं द्यावें. तिनें पर्यटन खात्याच्या तेथील संस्थेंत रीतसर शिकावें, शिरस्त्राण घालावें, शिक्षकाची आज्ञा मोडूं नये, व आखलेली वाट सोडूं नये. लग्नाच्या प्रश्नास आम्हीं उत्तर दिलें नाहीं, कारण तो बर्फाचा प्रश्नच नव्हे. ज्या इतर घरांत असाच वाद निघेल, तेथील आजीबाईंनीं बरोबर डिंकाच्या लाडवांचा डबा द्यावा. त्यानें हाडांस बळ येतें, असें त्याच सांगत आल्या आहेत.