विश्लेषण : नेत्याला प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास का? मुंदडा प्रकरण आणि १९६२चे युद्ध काय सांगते?

निवडणूक ग्रामपंचायतीची असो की लोकसभेची, व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद हमखास रंगतो. कुणी रखडलेल्या रस्त्याबद्दल किंवा न मिळालेल्या अनुदानाबद्दल विचारले, की लगेच उत्तर येते, ‘साहेबांवर विश्वास ठेवा’. पुन्हा विचारले, तर विचारणारा विरोधकांचा माणूस ठरतो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. नेत्यावरचा विश्वास आणि नेत्याला विचारलेला प्रश्न या दोन गोष्टी खरेच एकत्र नांदू शकत नाहीत का? राज्यघटना याबाबत काय सांगते? आणि प्रश्न विचारले गेले तेव्हा देशात काय घडले?

प्रश्न विचारणे अवघड का जाते?

महाराष्ट्रात नेत्याला नावाने हाक मारणारे कमीच. तो साहेब असतो, दादा, भाऊ किंवा आबा असतो. ती ताई किंवा अक्का असते. नाते जोडले की आपुलकी येते, पण वडीलधाऱ्यांना उलट बोलू नये हा घरचा नियमही मागोमाग येतो. दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. रुग्णालयातली खाट, शाळेतला प्रवेश, कार्यालयात अडकलेला दाखला यासाठी अनेकांना नेत्याच्या फोनची गरज पडते. उद्या काम पडणार आहे हे माहीत असलेला माणूस आज प्रश्न विचारत नाही. बाहेरून जी निष्ठा दिसते, तिच्यात बऱ्याचदा गरजही मिसळलेली असते.

डॉ. आंबेडकरांनी कोणता इशारा दिला होता?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी याच प्रवृत्तीकडे लक्ष वेधले होते. देशासाठी आयुष्य वेचणाऱ्यांबद्दल कृतज्ञ असण्यात गैर काही नाही, पण कृतज्ञतेलाही मर्यादा हवी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी जॉन स्टुअर्ट मिल यांच्या विचाराचा आधार घेतला. धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, राजकारणात मात्र व्यक्तिपूजा अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांच्या इशाऱ्याचा आशय होता. तेव्हा स्वातंत्र्यलढ्यातले नेतेच सत्तेत होते आणि त्यांच्याबद्दल जनतेत प्रचंड आदर होता, हे लक्षात घेतले तर या इशाऱ्याचे वजन कळते.

राज्यघटनेत ‘विश्वास’ कसा मोजला जातो?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५(३) नुसार केंद्रीय मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. राज्यांसाठी हीच तरतूद अनुच्छेद १६४(२) मध्ये आहे. म्हणजे सभागृहाचा विश्वास असेपर्यंतच सरकार टिकते, आणि त्या विश्वासाची रोजची परीक्षा प्रश्नोत्तराच्या तासात होते. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात उभे राहून तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. लेखी उत्तर अधिकारी तयार करून देतात. पूरक प्रश्नाला मात्र मंत्र्याला स्वतःच तोंड द्यावे लागते. त्यामुळे खरी कसोटी तिथे लागते.

मुंदडा प्रकरणात काय झाले?

१९५६ मध्ये आयुर्विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ म्हणजे एलआयसी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला मात्र आधी विचारलेच नव्हते. पैसा सामान्य पॉलिसीधारकांचा होता. संसदेत सुरुवातीला प्रश्न आला, तेव्हा सरकारकडून मोघम उत्तर मिळाले.

डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधी यांनी लोकसभेत हे प्रकरण तपशीलवार मांडले. ते विरोधी पक्षाचे नव्हते. काँग्रेसचेच खासदार आणि पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांचे जावई होते. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला. मुंबईत खुली सुनावणी झाली आणि काही आठवड्यांतच अहवाल आला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

यानंतर काय झाले, तेही पाहायला हवे. नेहरूंचे सरकार पडले नाही. एलआयसी बुडाली नाही. कृष्णम्माचारी काही वर्षांनी मंत्रिमंडळात परतले आणि पुन्हा अर्थमंत्रीही झाले. प्रश्न विचारल्याने व्यवस्था खिळखिळी होते, हा दावा निदान या प्रकरणात तरी टिकत नाही.

युद्धाच्या काळात तरी गप्प बसावे का?

‘आता ही वेळ नाही’ हा प्रश्न टाळण्याचा सर्वात वजनदार युक्तिवाद असतो, आणि त्यात तथ्यही आहे. सैन्याच्या हालचाली, गुप्तचरांची माहिती उघड करता येत नाही. पण १९६२ चा अनुभव वेगळी बाजूही दाखवतो.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. युद्ध सुरू असतानाच संसदेचे अधिवेशन बोलवावे, अशी मागणी जनसंघाचे तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी यांनी केली. नेहरूंनी ती मान्य केली आणि ८ नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झाले. चर्चा बंद दाराआड घेण्याची सूचना आली, ती मात्र त्यांनी स्वीकारली नाही. सीमेवर जवान लढत असताना त्यांच्या कपड्यांबद्दल, शस्त्रांबद्दल आणि तयारीबद्दल सरकारला जाब विचारला गेला.

संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याविरोधात तर काँग्रेसचेच खासदार उभे राहिले. मेनन नेहरूंचे अत्यंत विश्वासू होते, तरीही त्यांना जावे लागले. त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असे मराठी माणूस अभिमानाने सांगतो, पण सह्याद्रीला बोलावणे आले त्यामागे अडचणीचे प्रश्न विचारणारे खासदार होते, हे सहसा सांगितले जात नाही.

चव्हाण यांच्या कार्यकाळात पराभवाच्या कारणांची लष्करी चौकशी झाली. सप्टेंबर १९६३ मध्ये त्यांनी तिच्या निष्कर्षांचा गोषवारा संसदेत मांडला. मूळ हेंडरसन ब्रूक्स अहवाल मात्र सरकारने आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. त्यामुळे चूक नेमकी कुणाची, हा वाद सहा दशकांनंतरही मिटलेला नाही.

प्रश्नोत्तराचा तासच नसेल तर?

सप्टेंबर २०२० मध्ये करोनाकाळातील पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास वगळण्यात आला. अधिवेशन लहान आणि संसर्गाचा धोका मोठा, असे कारण देण्यात आले. अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तरे मिळत राहिली. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला, या प्रश्नावर कामगार मंत्रालयाने अशी आकडेवारीच ठेवली नसल्याचे सांगितले. सभागृहात तोंडी उत्तर असते, तर ‘आकडेवारी का ठेवली नाही? मग भरपाई कशी देणार?’ हे पूरक प्रश्न तिथल्या तिथे विचारता आले असते. लेखी उत्तरावर पूरक प्रश्न नसतो.

प्रत्येक प्रश्न प्रामाणिक असतो का?

नाही. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात ११ खासदारांना संसदेने बडतर्फ केले. केवळ गोंधळासाठी किंवा बदनामीसाठीही प्रश्न विचारले जातात. म्हणून प्रश्न पारखायलाही हवा. तो एखाद्या निर्णयाबद्दल, खर्चाबद्दल किंवा आश्वासनाबद्दल आहे का? त्याचे उत्तर कागदपत्रांवरून तपासता येईल का? आणि सर्वात सोपी कसोटी म्हणजे, आपल्या आवडत्या नेत्यालाही आपण तो विचारला असता का?

टीका आणि द्रोह यांतील फरक न्यायालयानेही स्पष्ट केला आहे. केदारनाथ सिंह खटल्यात १९६२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की सरकारवर कठोर शब्दांत टीका केली, एवढ्यावरून राजद्रोह ठरत नाही. त्यासाठी हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अशांतता माजवण्याचा हेतू असावा लागतो.

सामान्य मतदार काय करू शकतो?

गावात ग्रामसभा आहे. तिथे सरपंचाला खर्चाचा हिशेब विचारता येतो. माहिती अधिकार कायद्यानुसार केवळ १० रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘असे का केले?’ असे विचारले तर अर्ज अडकू शकतो, कारण कायद्याने नोंदीत असलेली माहिती मिळते. त्याऐवजी कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयकांच्या प्रती मागितल्या, तर ‘का’चे उत्तर त्यातच सापडते. उमेदवाराची मालमत्ता आणि त्याच्यावरील गुन्हे निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात असतात. आपल्या खासदाराने सभागृहात काय विचारले, हे संसदेच्या संकेतस्थळावर पाहता येते.

फिरोज गांधी यांनी पक्ष सोडला नव्हता. मेनन यांना विरोध करणाऱ्या काँग्रेस खासदारांनीही नेहरूंची साथ सोडली नव्हती. त्यांनी विश्वास ठेवला होता, म्हणूनच हिशेबही मागितला. तेव्हा ग्रुपवर पुढच्या वेळी कुणी रखडलेल्या रस्त्याबद्दल विचारले, तर तो कुणाचा माणूस आहे हे शोधण्याआधी रस्त्याचे काय झाले, हे पाहायला हवे.