फुकट मिळणारा साप आणि आपली मुलं



मार्च आणि जून आले की फिंतास, महबूला, मंगाफ, फहाहील या आपल्या पट्ट्यातल्या ग्रुपांवर एकाच प्रकारचे मेसेज सुरू होतात. ‘आम्ही कायमचे परत चाललोय. सोफा, वॉशिंग मशीन, मुलांच्या सायकली.’ हल्ली त्या यादीच्या शेवटी कधी कासव असतं, कधी पोपट, आणि कधी कधी एक ओळ : ‘बॉल पायथन, टाकीसकट, फुकट, चांगल्या घरी द्यायचा आहे.’ ती ओळ मोठ्यांच्या नजरेतून सुटते, मुलांच्या नाही. रात्री जेवताना विषय निघतोच. ‘आई, प्लीज. बिचारा आहे तो.’

माझं मत आधीच सांगून टाकते. बिचारा आहे हे खरं, आणि घ्यायचा तर जरूर घ्या. पण तो मुलाचा साप म्हणून घेऊ नका, तुमचा म्हणून घ्या. ते जमणार नसेल तर सरळ नाही म्हणा. नाही म्हणण्यात काही क्रूर नाही. दोन महिन्यांनी तीच ओळ तुम्ही ग्रुपवर टाकलीत, तर मात्र त्या जनावराच्या वाट्याला तिसरं घर येतं.

‘मूल जबाबदारी शिकेल’ हे वाक्य मला अजिबात पटत नाही. मूल शिकतं, नाही असं नाही. पण मुलाची परीक्षा आली, नवीन गेम आला, की त्या शिकण्याची फी जनावर भरतं. कुत्रा भुंकतो, मांजर पायात घोटाळतं, म्हणून त्यांचं भागतं. सापाला आवाज नाही. उपाशी साप कोपऱ्यात गुंडाळून बसतो आणि पोट भरलेला सापही कोपऱ्यात गुंडाळूनच बसतो. सापाची आबाळ बहुतेक घरांत दुष्टपणाने होत नाही, तो ‘शांत आहे’ म्हणून होते.

खरं तर ही आबाळ आपण लहानपणापासून पाहत आलोय, फक्त ओळखली नाही. नागपंचमीला टोपलीत नाग घेऊन दारावर येणारा गारुडी आठवा. नाग वाटीतलं दूध पितो म्हणून आपण हात जोडायचो. साप दुधावर जगत नाही, ते त्याला पचतही नाही. त्या नागाला सणाआधी कित्येक दिवस पाणीच दिलेलं नसायचं. दात पाडलेले, काही वेळा तोंडही शिवलेलं. तहानेने व्याकूळ झालेलं जनावर समोर येईल ते पितं, आणि आपण त्याला भक्ती समजलो. बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची मिरवणूक मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर थांबली, तेव्हा परंपरेचं काय, असं आपल्यातले बरेच जण म्हणाले. त्या वाटीतली तहान किती जणांना दिसली होती?

ग्रुपवरून येणारा पायथनही बहुतेक वेळा तहानलेलाच असतो. शिवाय गारठलेला. हो, कुवेतमध्ये गारठलेला! इथल्या मित्रिबामध्ये २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं, त्या देशात सापाला थंडी वाजते हे ऐकून हसू येईल. पण साप फ्लॅटमध्ये राहतो, आणि आपल्या फ्लॅटमध्ये मे ते ऑक्टोबर सेंट्रल एसी २२ वर चालू असतो. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बिनविषारी साप. त्याला टाकीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश लागतात, दुसऱ्या टोकाला २५-२६, म्हणजे तो हवं तिकडे सरकू शकतो. शरीराला ऊब मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही, मग तो खातच नाही. एसीने हवाही कोरडी होते. समुद्र खिडकीतून दिसत असला तरी घरातली हवा त्याला पुरेशी दमट नसते. त्याला ५५ ते ६५ टक्के आर्द्रता लागते, कात टाकताना थोडी जास्तच. कात तुकड्यातुकड्यांनी निघतेय, शेपटीच्या टोकाला जुन्या कातेची वळी अडकलीय, असं दिसलं की समजा, हवा कोरडी आहे.

आता घ्यायचं ठरवलंत, तर पहिले पंधरा दिवस कसे घालवायचे ते सांगते. आमच्याकडचा पायथन आला तेव्हा त्याची पाठ घराच्या कौलासारखी झाली होती, मधोमध कणा वर आणि दोन्ही बाजूंना उतार. चांगल्या पोसलेल्या सापाची पाठ गोलसर असते.

साप घरी येण्याआधी टाकी तयार हवी. ऊब देणारं जे काही लावाल, मॅट किंवा सिरॅमिक दिवा, ते थर्मोस्टॅटशिवाय लावू नका. गरम होणारे खोटे दगड मिळतात, ते तर घेऊच नका. त्यांच्यावर साप भाजतात आणि भाजत असतानाही उठत नाहीत. दोन्ही टोकांना एकेक लपायची जागा, इतकी घट्ट की अंग चहूबाजूंनी टेकलं पाहिजे. पाण्याचं जड भांडं. खाली सुरुवातीला साधा पांढरा टिश्यू पेपर. दिसायला भिकार दिसतो, पण विष्ठा कशी आहे, रक्त आहे का, काळे ठिपके हलतायत का, सगळं दिसतं. हलणारे काळे ठिपके म्हणजे गोचिडांसारखे बारीक किडे. ते पाण्याच्या भांड्यात बुडालेलेही सापडतात. त्यांच्यावर घरातला झुरळांचा स्प्रे मारू नका, सापही दगावू शकतो. आणि हारिस दर काही महिन्यांनी फवारणीवाल्यांना घेऊन दारात उभा राहतो ना, त्याला आधीच सांगून ठेवा की ती खोली वगळायची.

मग हात लावू नका. आठवडाभर तरी नाही. मुलांना हे सगळ्यात कठीण जातं, कारण साप आणलाय तो मित्रांना दाखवायला. पाणी बदला, तापमान बघा, बाहेर या. कात अडकली असेल किंवा अंग सुकलेलं वाटलं तर कोमट पाण्यात, पोटाला लागेल इतक्याच पाण्यात, पंधरा-वीस मिनिटं, तुम्ही समोर बसून. डोळ्यांवरची जुनी कात नखाने ओढायची नाही, डोळा जाऊ शकतो.

खायला घालायची घाई हा आपला राष्ट्रीय आजार आहे. कुणी बारीक दिसलं की आपण ताट वाढतो. पण फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम मोठं जेवण घातलं तर ते धोक्याचं ठरू शकतं. हे माणसांतही होतं आणि सापांतही. आधी पाणी, आधी ऊब, आठवड्याने छोटा घास. छोटा म्हणजे सापाच्या अंगाच्या जाडीपेक्षा बारीक उंदीर. तो पचला, उलटला नाही, की आठ-दहा दिवसांनी पुढचा, आणि मग हळूहळू मोठा. जेवणानंतर दोन दिवस उचलायचं नाही. दर आठवड्याला वजन वहीत लिहा (काटा वेगळा ठेवा, पोळ्यांच्या कणकेचा नको). नाही खाल्लं तर लगेच घाबरू नका, बॉल पायथन धडधाकट असूनही कित्येक आठवडे तोंड फिरवून बसतात. पण वजन उतरत चाललंय, तोंड उघडं टाकून श्वास घेतोय, नाकातोंडाशी बुडबुडे येतायत, हिरड्यांवर पिवळट थर दिसतोय, तर घरगुती उपाय नकोत. इथे प्राण्यांचे डॉक्टर आहेत, पण सगळेच साप तपासत नाहीत. साप आणण्याआधीच फोन करून एक नाव मिळवून ठेवा.

आणि आता तो विषय, जो ‘फुकट’ या शब्दात कुणी लिहीत नाही. उंदीर. साप वरण-भातावर राहत नाही. जिवंत उंदीर टाकीत सोडणं मला दोन्ही जनावरांवर अन्याय वाटतो, आणि उंदीर सापाला चावून जखमाही करतो. मेलेला, गोठवलेला उंदीर आणायचा, फ्रीजमध्ये वितळवायचा, पिशवीत घालून गरम पाण्यात कोमट करायचा. मायक्रोवेव्ह नाही, कृपा करून. तो उंदीर फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी राहणार का? आपल्यात कितीतरी घरं शाकाहारी आहेत. सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या की काय सांगणार? मी हे थट्टेने विचारत नाहीये. ज्या घरात या प्रश्नाचं उत्तर ‘बघू’ असतं, त्या घरात साप उपाशी राहतो. आम्ही छोटा वेगळा फ्रीजर घेतला. तुम्हाला ते पटत नसेल, तर तुमचा धर्म तुमच्यापाशी, पण मग साप नको.

सासूबाईंचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. धडधाकट सापाच्या अंगावर आणि विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांनी सापापासून आणि त्याच्या टाकीपासून लांबच राहिलेलं बरं. बाकीच्यांनी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे. टाकी आणि भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीच धुवायची नाहीत.

‘साप म्हणजे विष’ म्हणून किंचाळणाऱ्यांचीही मला तितकीच चीड येते. पुण्याच्या निलीमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास काढले, ते हेच दाखवायला की छेडल्याशिवाय साप चावत नाही. पुढे कात्रजचं सर्पोद्यानही त्यांनीच उभं केलं. सुट्टीत पुण्याला जाल तेव्हा मुलांना तिथे जरूर न्या.

सुट्टीवरून आठवलं. जुलै-ऑगस्टमध्ये आपण सहा आठवडे भारतात. एसी बंद करून गेलात तर फ्लॅटची भट्टी होते, चालू ठेवून गेलात तर टाकीची ऊब कोण बघणार? साप दोन आठवडे जेवणाशिवाय राहील, पाण्याशिवाय आणि बंद पडलेल्या थर्मोस्टॅटवर नाही राहणार. तिकिटं काढायच्या आधी किल्ली कुणाकडे द्यायची ते ठरलेलं हवं, आणि तो माणूस टाकीत हात घालायला तयार हवा.

शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा म्हणजे आपला इकामा. आपण कुवेतमध्ये किती वर्षं आहोत हे आपल्या हातात नाही, कंपनीच्या हातात आहे. बॉल पायथन सहज वीस-तीस वर्षं जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० साली अंडी घातली तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे होतं! तुमचा साप तुमच्याबरोबर नाशिकला किंवा साताऱ्याला येणार नाही. भारतात प्रवाशाच्या सामानातून पाळीव प्राणी म्हणून कुत्रा आणि मांजर आणता येतं, साप नाही. शिवाय पायथन आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात येतात, म्हणजे परवान्याशिवाय सीमा ओलांडणं गुन्हा. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या बिस्किटांच्या पुड्यांतून असेच बॉल पायथन निघाले होते. ‘गुपचूप नेऊ’ म्हणणाऱ्यांनी ती बातमी शोधून वाचावी.

आणि वाळवंटात सोडून देणं म्हणजे मुक्ती नव्हे. हा आफ्रिकेतल्या गवताळ रानातला साप, इथल्या उन्हात तो टिकणार नाही. अरबस्तानच्या वाळूला तिचे स्वतःचे साप आहेत. त्यातल्या एका छोट्या वाळूतल्या बोआचं शास्त्रीय नाव ‘एरिक्स जयकारी’, आणि ते मुंबईच्या डॉ. आत्माराम सदाशिव जयकर यांच्यावरून पडलंय. मस्कतमध्ये ते वर्षानुवर्षं डॉक्टर होते, रुग्ण तपासता तपासता तिथले प्राणी गोळा करून अभ्यासाला पाठवायचे. बोउलेंजर यांनी १८८८ मध्ये त्या सापाला त्यांचं नाव दिलं. आखातात आपल्या आधी येऊन गेलेला हा माणूस मुलांना सांगायला विसरू नका.

तर, घेणाऱ्यांनी देणाऱ्याला आधी एवढं विचारा : शेवटचं कधी खाल्लं, काय खाल्लं, वजन किती, कात कधी टाकली, थर्मोस्टॅट आहे का. उत्तरं मिळाली नाहीत तर साप आबाळ झालेला आहे असं धरून चाला. देणाऱ्यांनो, लाज वाटून लपवू नका, खरं सांगितलंत तर पुढच्या घराला सोपं जातं. आणि जाण्याच्या आठवड्यात नाही, दोन-तीन महिने आधी सांगा.

सध्या महबूलामधल्या एका घरी असाच एक पायथन आलाय, कणा दिसतोय, टाकी आहे पण थर्मोस्टॅट नाही. कुणाकडे जास्तीचा पडून असेल तर मला मेसेज करा, शुक्रवारी संध्याकाळी येऊन घेऊन जाईन.