आवर्तनाच्या तारखा आणि शेकाट्याची अंडी

निफाड तालुक्यात गोदावरीला कादवा मिळते, तिथे नांदूर मध्यमेश्वरला १९०७ ते १९१३ या काळात बंधारा बांधला गेला, कालव्यांना पाणी मिळावं म्हणून. दोन्ही नद्यांचा गाळ वर्षानुवर्षं भिंतीमागे साचला, पाणीसाठा घटला, उथळ पाणथळ आणि चिखलाची बेटं तयार झाली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा तोटाच. पक्ष्यांनी मात्र तिथे बस्तान बसवलं. नांदूर मध्यमेश्वर १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं.

हिवाळ्यात काठच्या चापडगावच्या बाजूने पाहावं. वारकऱ्यांचे काळे थवे, चक्रवाक, चित्रबलाक. चमचा पक्षी चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो. त्याला घोट्याएवढं पाणी हवं. खोल पाण्यात तो उपाशी राहतो. शराटीला ओला चिखल लागतो. वीतभर पाण्याच्या फरकावर कोण जेवणार, हे ठरतं.

आणि ती पातळी ठरते आवर्तनांवर. गंगापूर, दारणा धरणांतून पाणी सुटलं की ते इथे येतं आणि कालव्यांतून पुढे जातं. शेकाट्या उन्हाळ्यात पाण्याच्या अगदी काठाला, उघड्या चिखलावर अंडी घालतो. पाणी एकदम चढलं तर ती गेलीच. पाणी सोडू नये, असं मी मुळीच म्हणणार नाही; कोपरगाव, वैजापूरच्या शिवारांची तहान याच पाण्यावर भागते. पण ते टप्प्याटप्प्याने चढवता येतं, आधी कळवता येतं.

वरून नाशिकचं सांडपाणी येतं, त्यावर पाणवेली माजते. ती उपसण्याची पाळी खालच्या गावांवर का यावी? शहराने आपलं पाणी शुद्ध करूनच नदीत सोडायला हवं.

इथल्या गावांतली पोरं आज पक्षी दाखवून चार पैसे मिळवतात. काठच्या माणसाला पाणथळीतून मिळकत होते, तेव्हा तो स्वतःच तिची राखण करतो, म्हणून मला ही गोष्ट रामसरच्या पाटीपेक्षा मोठी वाटते. कालवा सल्लागार समिती उन्हाळी आवर्तनाच्या तारखा ठरवायला बसेल, तेव्हा आमदार, अधिकारी आणि शेतकऱ्यांच्या शेजारी वन विभागाला आणि या वाटाड्यांपैकी एकाला खुर्ची द्यावी. कुठल्या बेटावर अंडी आहेत, ते त्याच्याकडून ऐकून मगच दरवाजे किती उचलायचे ते ठरवावं.