रेड म्हणजे बॅकअप नव्हे

विज्ञानाच्या राष्ट्रीय बातम्यांत दुर्बिणीचा व्यास येतो, महासंगणकाचा वेग येतो, मंजूर झालेले कोटी येतात. त्या यंत्रांतून निघणारी विदा कुठे राहणार आणि तिची दुसरी प्रत कुठे असणार, हा प्रश्न मात्र बातमीत क्वचितच दिसतो. कुणी विचारलेच, तर ठरावीक उत्तर मिळते : सर्व्हरला रेड आहे, काळजी नको. हे उत्तर चुकीचे आहे; आणि शास्त्रज्ञाच्या तोंडी तर ते अक्षम्य आहे.

रेडची कल्पना पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कले येथे मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र चालवायच्या आणि त्यांतील एखादी बिघडली तरी काम थांबू द्यायचे नाही, हे तिचे सार. रेड-१ मध्ये प्रत्येक डिस्कची हुबेहूब जोडप्रत असते. रेड-५ मध्ये एका डिस्कइतकी जागा समता-बिटांना दिलेली असते; एक डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून तिचा मजकूर पुन्हा काढता येतो. रेड-६ दोन डिस्कांचे जाणे सोसते. रेड-० मध्ये मात्र केवळ वेग आहे, संरक्षण मुळीच नाही : एक गेली की सारे गेले.

योजना सुंदर आहे, पण ती एकाच प्रश्नाचे उत्तर देते : डिस्क बिघडली तर काय? फाइल चुकून पुसली गेली, खंडणीखोर विषाणू शिरला, खोलीत पाणी आले, तर तिच्याकडे उत्तर नाही. जोडप्रत निष्ठावान असते. मूळ पुसले की तीही त्याच क्षणी पुसली जाते. डिसेंबर २०२१ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावरील सुमारे ७७ टेराबाइट विदा बॅकअपच्याच आज्ञावलीतील दोषामुळे नष्ट झाली. तेथे डिस्क बिघडण्याची गरजच पडली नाही.

शिवाय रेडवरील विश्वासात एक गृहीतक दडलेले आहे. वर्षभरात एक डिस्क जाण्याची शक्यता ३ टक्के, म्हणून दोन्ही जाण्याची ०.०९ टक्के, असे आपण सहज गुणून मोकळे होतो. घटना परस्परस्वतंत्र असतील तरच हा गुणाकार वैध, हे आपणच विद्यार्थ्यांना शिकवतो. एकाच दिवशी खरेदी केलेल्या, एकाच खोक्यातल्या, एकाच वातानुकूलकावर विसंबलेल्या डिस्क स्वतंत्र कशा? मी जयपूरच्या दुर्गापुऱ्यात राहतो. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि उष्णता डिस्क निवडून तापवत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये याच शहरातील अल्बर्ट हॉल संग्रहालयाच्या तळघरात पावसाचे पाणी शिरले, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुनी ममी काच फोडून बाहेर काढावी लागली. सर्व्हरची खोली याला अपवाद नाही.

माध्यमांचे स्वभावही वेगळे. एसएसडी वेगवान, पण वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवली तर तिच्यातील विद्युतभार झिरपतो, उष्णतेत अधिक लवकर. हार्ड डिस्क स्वस्त, पण तिचे भाग फिरते आणि झिजणारे. चुंबकीय फीत मंद, पण यंत्रातून काढून ठेवलेल्या फितीपर्यंत विषाणू पोहोचत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला आणि पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट विदा कुलूपबंद झाली. ई-हॉस्पिटलची विदा परत मिळाली ती हल्ल्यातून सुटलेल्या बॅकअप सर्व्हरमुळे.

‘आमची विदा फार मोठी, दुसरी प्रत परवडत नाही,’ हा नेहमीचा युक्तिवाद. दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी विदाकेंद्रातही ८५८ टेराबाइटच्या साठ्याची बाहेर प्रत नव्हती, आणि त्याचे आकारमान हेच कारण सांगितले गेले. सप्टेंबर २०२५ मधील आगीत तो साठा गेला.

काय गमावले जाते, ते पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटीकडे पाहून कळेल. २०१० ते २०१२ या काळात तिने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचे सर्वेक्षण केले. त्याच कच्च्या विदेवर नव्या पद्धतीने पुन्हा संस्करण होऊन २०१७ मध्ये सुमारे ६.२ लाख रेडिओस्रोतांची सूची प्रसिद्ध झाली. आकाशाचा ९० टक्के भाग तीत आहे. निष्कर्ष हाती आले म्हणून कच्ची विदा टाकून दिली असती, तर ही सूची झाली नसती. आकाश तीच रात्र पुन्हा दाखवत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. निधी देणाऱ्या प्रत्येक संस्थेने प्रस्तावातच अट घालावी : तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, आणि वर्षातून एकदा प्रतीवरून विदा परत उभी करून दाखवणे. त्यासाठी वेगळा निधी आणि पगारी माणूस हवा. हे काम पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या गळ्यात मारायचे आणि विदा गेल्यावर त्याच्याच प्रबंधाची वर्षे वाया घालवायची, हा अन्याय आहे.

विद्यार्थिमित्रांनो, उद्या प्रयोगशाळेत एवढेच विचारा : शेवटची प्रत परत उघडून कधी पाहिली होती? उत्तरादाखल रेडचा क्रमांक ऐकू आला, तर आपली विदा सुरक्षित नाही असे समजा.